चुलीचा अभिमान

ठाणें, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यांतील सुशिक्षित कुटुंबांत परदेशगमन ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मुलगा म्यूनिकला, मुलगी न्यू जर्सीस, पुतण्या अ‍ॅमस्टरडॅमच्या वाटेवर, अशी स्थिति घरोघर आहे. आणि जाण्याचा दिवस ठरला म्हणजे व्हिसा, विमा व थंडीचे कपडे यांच्या बरोबरीनें चुलीचाही विचार सुरू होतो. हा विचार व्हावा यांत गैर कांहींच नाहीं. ज्या घरीं दोन वेळां जेवावयाचें तेथील विस्तव कसा आहे याची चौकशी शहाण्या माणसानें केलीच पाहिजे. परंतु या चौकशीचा शेवट बहुधा एका ठराविक वाक्यानें होतो, आणि तें वाक्य इतक्या निश्चयानें उच्चारलें जातें कीं, ऐकणारास तें एखादें स्मृतिवचनच वाटावें: "आपला स्वयंपाक गॅसशिवाय व्हायचाच नाहीं." हें वाक्य आम्हांस सर्वथा अमान्य आहे. तें इतिहासास धरून नाहीं, पाकशास्त्रास धरून नाहीं, आणि ज्यांच्या नांवानें तें उच्चारलें जातें त्या गृहिणींच्या हिताचें तर मुळींच नाहीं.

या वाक्यापायीं लोक काय काय करितात तें पाहावें. शाळेजवळचें, स्टेशनजवळचें, भरपूर उजेडाचें घर केवळ विजेच्या शेगडीमुळें नाकारलें जातें, आणि गॅस आहे एवढ्याच गुणावर दूरचें जुनाट घर पत्करलें जातें. कित्येक तर येथील दोन बर्नरची शेगडीच खोक्यांत बांधून नेण्याच्या गोष्टी बोलतात. ही शेगडी सिलिंडरमधील वायूच्या, म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन यांच्या मिश्रणाच्या, हिशेबानें बनविलेली असते. तिकडे नळानें येणारा वायु बहुतेक मिथेन असतो, त्याचा दाब निराळा आणि त्यास लागणारें छिद्रही निराळें. ज्यांच्या इमारतींत महानगर गॅसची नळी आली त्यांनीं हें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. जोडणीच्या दिवशीं कारागिरानें जुन्या शेगडीचे जेट बदलल्यावांचून ज्योत नीट लागली नाहीं. मग साता समुद्रांपलीकडे ती आपोआप लागेल अशी आशा कोणत्या आधारावर? इंग्लंडांत गॅसजोडणीचें काम 'गॅस सेफ' या नोंदवहींत नांव असलेल्या कारागिराकडूनच करवून घ्यावें लागतें, आणि भाड्यानें दिलेल्या घरांतील गॅसची तपासणी घरमालकास दरवर्षीं करवून घेणें कायद्यानें भाग आहे. डोंबिवलीहून नेलेली शेगडी तेथें कोणी जोडून देईल, हा विचार मनांतून काढून टाकलेला बरा.

याच्या उलट चूक करणारेही आहेत. ते येथून विजेची शेगडी नेतात. आपली वीज २३० व्होल्टची. यूरोपांत ती तशीच आहे, प्लगचा आकार तेवढा निराळा. परंतु अमेरिकेंत व कानडांत भिंतींतील साधी जोडणी १२० व्होल्टची असल्यामुळें दोन हजार वॉटची आपली शेगडी तेथें निर्जीव दगडासारखी पडून राहते. जर्मनींत तर कित्येकदां भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर म्हणून नुसत्या चार भिंती व नळ एवढेंच मिळतें. ओटा, कपाटें, शेगडी हें सारें भाडेकरूनें आणावयाचें. अशा ठिकाणीं निवड खरोखरच आपल्या हातीं असते आणि म्हणूनच ती डोळसपणें झाली पाहिजे.

आतां 'आपला' गॅस आपला झाला केव्हां, तें पाहूं. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ सालीं. तो गॅस कोळशापासून काढलेला, आणि तो नळानें स्वयंपाकघरांत घेणारीं घरें मुंबई शहरांतलीं थोडीं, सधन व बहुतांशीं साहेबी वळणाचीं. सिलिंडरमधला गॅस मुंबईंत आला तो १९५० नंतरच्या दशकांत, बर्मा-शेल कंपनीच्या 'बर्शेन' या नांवानें. इंडेनचा जन्म १९६५ चा. ठाण्या-कल्याणच्या मध्यमवर्गीय घरांत तो सर्रास शिरला तो त्याहीनंतर, आणि शिरला तोही वर्षानुवर्षें यादींत नांव लावून ठेवल्यावर. एके काळीं खासदारांच्या वाट्यास गॅसजोडण्यांचीं कुपनें येत आणि तीं मिळविण्यासाठीं लोक ओळखी काढीत फिरत, हें पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांस आठवत असेल. तोंपर्यंत चूल होती, कोळशाची शेगडी होती, वातीचा व पंपाचा स्टोव्ह होता, आणि रॉकेलची रांग होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' हें हजार पाकक्रियांचें पुस्तक १९१० सालीं निघालें. त्यांतील पदार्थ करणाऱ्या घरोघरच्या स्त्रिया लांकडाच्या व कोळशाच्या विस्तवावर रांधीत होत्या. तेव्हां ज्यास आपण आपली सनातन परंपरा म्हणतों तिचें वय पाऊणशें वर्षांपेक्षां अधिक नाहीं, आणि बहुतेक घरांत तें पन्नासच्या आंतबाहेरच आहे.

शिवाय गॅस आला तेव्हां त्याचें स्वागत कसें झालें? चुलीवरच्या भाकरीची चव यास नाहीं, असें सासवांनीं सांगितलें. गॅसवरच्या अन्नानें पोटांत गॅस होतो, हा सिद्धांत तर चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींनीं पुष्कळ वर्षें पाळला. पाटावर बसून रांधणारी बाई ओट्यापाशीं उभी राहिली तेव्हां सोंवळें सुटलें, कंबर मोडली, घराची कळा गेली, असेंही म्हटलें गेलें. आज त्याच सासवांच्या नाती विजेच्या शेगडीवर अक्षरशः तेच आक्षेप घेत आहेत. फक्त चुलीच्या जागीं गॅस हा शब्द घातला आहे. आमच्या या पट्ट्यानें एक मोठें स्थित्यंतर पूर्वींच पाहिलेलें आहे. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली ती वाफेची. १९२५ च्या फेब्रुवारींत मुंबईंत विजेची गाडी धांवूं लागली, आणि पुढें या गाड्यांस वीज पुरविण्यासाठीं ठाकुर्लीस चोळा येथें रेल्वेनें आपलें वीजघर उभारलें. तें वीजघर आतां बंद पडलें आहे, पण विजेच्या गाडीवांचून डोंबिवलीकराचा एक दिवस जात नाहीं. इंजिनाचा धूर गेल्यामुळें प्रवासाची गोडी गेली, अशी तक्रार फलाटावर उभ्या असलेल्या कोणा गृहस्थानें केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. घराबाहेरच्या सोयीस सुधारणा म्हणावयाचें आणि घरांतल्या सोयीस संस्कृतीचा नाश म्हणावयाचें, हा न्याय पुरुषांनीं स्वतःस अनुकूल असा शोधून काढलेला आहे.

इतिहास पुरे, आतां प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळूं. महाराष्ट्रीय घरांतल्या जेवणांत उघड्या ज्योतीची गरज असलेले पदार्थ किती? वरण, भात, आमटी, उसळ, पालेभाजी, पिठलें, खीर, शिरा, पोहे, साबुदाण्याची खिचडी, यांतील एकासही ज्योत दिसावी लागत नाहीं. उष्णता हवी, मग ती कशाचीही असो. उकडीच्या मोदकांस वाफ हवी. पुरणपोळीस तर एकसारखी मंद उष्णताच हवी, आणि ती गॅसपेक्षां विजेच्या शेगडीवर अधिक सहज राखतां येते. राहिले ते चार जिन्नस: भरिताचें वांगें, पापड, फुलका आणि भाकरी. वांगें ओव्हनमध्यें चांगलें भाजतें. तिकडच्या बहुतेक घरांत ओव्हन असतोच, आणि येथें तो नसल्यामुळें आपण त्यास विसरतों. धुराचा खमंगपणा थोडा उणा पडतो, हें आम्ही मान्य करितों. पापड तव्यावर दाबून किंवा त्याच ओव्हनमध्यें भाजतां येतो. फुलका तव्यावरच स्वच्छ फडक्यानें हलके दाबला असतां टम्म फुगतो. ही विद्या गॅसपूर्व काळांतील स्त्रियांस अवगत होती, कारण रॉकेलच्या स्टोव्हच्या ज्योतीवर उघडी पोळी धरली तर तिला रॉकेलचा वास लागे.

भाकरीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यास बगल देणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. इंडक्शनच्या शेगडींत कांचेखालीं तारेचें वेटोळें असतें. त्यांतून उलटसुलट वाहणाऱ्या विजेमुळें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें आणि त्यायोगें भांड्याचा लोखंडी तळच तापतो. कांच स्वतः तापत नाहीं. भांड्याच्या ऊबेनें जेवढी तापेल तेवढीच. आतां आपला भाकरीचा तवा मोठा आणि वेटोळें लहान असलें म्हणजे मध्यभाग करपतो व कडा कच्च्या राहतात. पहिल्या दिवशीं भाकरी बिघडते ती यामुळें, आणि त्याच संध्याकाळीं 'विजेवर भाकरी होत नाहीं' असा निकाल लिहिला जातो. वस्तुतः तवा वेटोळ्याच्या मापाचा निवडावा, जाड घ्यावा, आणि कमी आंचेवर पांच मिनिटें तापूं देऊन मगच भाकरी टाकावी, म्हणजे कडांपर्यंत उष्णता पोंचते. लालबुंद होणाऱ्या जुन्या धर्तीच्या विजेच्या शेगडीवर तारेची जाळी ठेवून भाकरी फुगविणाऱ्या स्त्रिया परदेशांत कित्येक आहेत. फोडणीचेंही असेंच. इंडक्शनवर तेल क्षणांत तापतें, आणि गॅसच्या अंदाजानें वाट पाहणारी बाई मोहरी जाळून बसते. चूक शेगडीची नव्हे, अंदाजाची. आणि अंदाज आठ दिवसांत बदलतो. गोल बुडाची कढई मात्र तेथें बसणार नाहीं, ती घरींच ठेवावी.

गॅसच्या कैवाऱ्यांची दुसरी सबब खर्चाची असते. इंग्लंडांत विजेचें एक युनिट गॅसच्या युनिटाच्या सुमारे चौपट महाग पडतें, हें २०२४-२५ च्या दरांवरून खरें आहे, आणि एवढा आंकडा सांगून ही मंडळी विजयी मुद्रेनें गप्प बसतात. परंतु गॅसच्या ज्योतीची निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याच्या कडेनें वर निघून जाते व स्वयंपाकघर तापविते. इंडक्शनची चारपंचमांश किंवा त्याहूनही अधिक भांड्यांत उतरते. तेव्हां चौपटीची दुप्पट झाली. एखाद्या घरीं दिवसास विजेचें एक युनिट स्वयंपाकास लागतें असें धरलें तर फरक पडला तो दिवसाकाठीं दहाबारा पेन्सचा. आणि गॅसची जोडणी घरांत नुसती असल्याबद्दल तेथें दररोज सुमारे तीस पेन्स स्थिर आकार द्यावा लागतो, मग तुम्ही शेगडी पेटवा अथवा न पेटवा. घर तापविण्यासाठीं गॅस घेतलेलाच असेल तर गोष्ट वेगळी. पण केवळ भाजीभाकरीसाठीं जो गॅस घेतो तो स्वस्ताई करीत नसून उधळपट्टी करितो.

आतां श्वासाविषयीं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं एकट्या अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षें पूर्ण होण्यापूर्वींच, पुण्यास क्षयानें निवर्तल्या. तेथें त्यांस मिळालेल्या खोलींतील शेगडीची रचना नीट नव्हती. विस्तव पेटवावा तर खोली धुरानें भरे, न पेटवावा तर थंडी हाडांत शिरे, आणि या दोहोंतून एक निवडणें एवढेंच त्यांच्या हातीं होतें, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें जातें. त्या आपलें सात्त्विक अन्न व आपलें लुगडें सोडीत नव्हत्या याचें कौतुक आपण करितों. त्या धुराचा विचार मात्र कोणी करीत नाहीं. परदेशांत निघालेल्या कल्याण-डोंबिवलीच्या मुलींस आम्ही एवढेंच विचारतों कीं, ज्या निवडीवांचून आनंदीबाईंस गत्यंतर नव्हतें ती आपण हौसेनें कां करावी?

गॅसच्या ज्योतींतून नायट्रोजन डायॉक्साइड नांवाचा वायु निघतो, व तो श्वासनलिकेस, विशेषतः लहान मुलांच्या व दमेकऱ्यांच्या, अपायकारक आहे, याविषयीं आतां वाद उरलेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं या वायूची वार्षिक मर्यादा दर घनमीटरास १० मायक्रोग्रॅम इतकी खालीं आणली. स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं कॅलिफोर्नियांतील ५३ घरांच्या शेगड्या तपासून २०२२ सालीं असें दाखविलें कीं, लहान व कोंदट स्वयंपाकघरांत धुराडें न लावतां गॅस पेटविला तर हवेंतील या वायूचें प्रमाण थोड्या मिनिटांतच तेथील सरकारी मर्यादा ओलांडूं शकतें. अमेरिकेंतील मुलांच्या दम्यापैकीं सुमारे बारा-तेरा टक्के दमा गॅसशेगडीमुळें, असा एक हिशेब त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला व त्यावर मोठें रण माजलें. तो आंकडा वादग्रस्त आहे, म्हणून आम्ही त्यावर आपला पक्ष उभारीत नाहीं. आमच्या पक्षास साधी गोष्ट पुरे आहे. डोंबिवलीच्या स्वयंपाकघराची खिडकी बाराही महिने उघडी असते. अ‍ॅमस्टरडॅमच्या जानेवारींत खिडकी उघडण्याची छाती कोणास नसते, आणि ओट्यावरचें धुराडें कित्येकदां हवा बाहेर न टाकतां जाळींतून गाळून परत घरांतच सोडतें. जी ज्योत येथें निरुपद्रवी वाटते ती तेथें तशी राहत नाहीं. मात्र फोडणीचा धूर गॅसवर व विजेवर सारखाच होतो, हें विजेच्या भक्तांनीं विसरूं नये; आणि तो धूर होतांच छतावरची घंटा आक्रोश करूं लागते म्हणून तिच्यावर पिशवी बांधून ठेवण्याची जी युक्ति आपले लोक एकमेकांस शिकवितात ती शुद्ध आत्मघातकी आहे.

विजेच्या भक्तांचें नांव निघालेंच आहे तर त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. दोन वर्षें परदेशीं राहून आलेले कांहीं तरुण आईच्या ओट्यावरील गॅसकडे असें पाहतात कीं, जणूं तेथें गांजाची लागवड चालली आहे. त्यांस आम्ही सांगूं इच्छितों कीं, तुमच्या डोंबिवलीच्या घरांत येणारी वीज अद्याप मोठ्या अंशानें कोळसाच जाळून होते; नॉर्वेच्या धबधब्यांचें पुण्य महावितरणच्या तारेंतून येत नाहीं. १२ ऑक्टोबर १९२० रोजीं नव्हे, १२ ऑक्टोबर २०२० रोजीं, कळवा-पडघा भागांतील वीजवाहिन्यांच्या बिघाडामुळें मुंबई-ठाण्याची वीज भर सकाळीं गेली, आणि त्या दिवशीं घरोघर चहा झाला तो गॅसवरच. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत केवळ विजेच्या भरंवशावर चूल ठेवणारें घर या पट्ट्यांत उपाशी राहिलें असतें. येथें गॅस ठेवावा, जोडीस इंडक्शन ठेवावी, असेंच आमचें मत आहे. वाद आहे तो परदेशांतील घरापुरता. तेथील वीज जात नाहीं, तेथील खिडकी उघडत नाहीं, आणि तेथील राज्यकर्त्यांचें धोरणही आपणांस विचारून ठरत नाहीं.

हें धोरण कसें चाललें आहे तेंही पाहण्यासारखें आहे. हॉलंडांत १९५९ सालीं ग्रोनिंगेन येथें वायूचा अफाट सांठा सांपडला आणि पुढच्या काळांत तेथील जवळजवळ प्रत्येक घरांत गॅस गेला. तो उपसतां उपसतां जमीन हादरूं लागली, घरांच्या भिंतींस तडे गेले. शेवटीं १ जुलै २०१८ पासून नव्या घरांस गॅसची जोडणी सामान्यतः मिळेनाशी झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या क्षेत्रांतील नेहमींचा उपसाही थांबला. ज्या देशानें भूकंप सोसून गॅस सोडला त्याच्या नव्या इमारतींत जाऊन 'गॅस कां नाहीं' म्हणून रुसणें हें शोभत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांतही १ जानेवारी २०२४ पासून परवानगी लागणाऱ्या नव्या घरांस गॅस नाहीं. अमेरिकेंत चित्र संमिश्र आहे: बर्कली शहरानें २०१९ सालीं नव्या इमारतींत गॅसच्या नळ्या घालण्यास बंदी केली, ती २०२३ सालीं अपिलाच्या न्यायालयानें उडवून लावली, कॅलिफोर्निया व न्यू जर्सी येथें, म्हणजे जेथें आपले लोक पुष्कळ तेथेंच, साठ टक्क्यांहून अधिक घरांत अजून गॅस आहे. ज्यास तेथें गॅसचें घर आपसूक मिळालें त्यानें तें सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें धुराडें लावावें व मागच्या शेगडीवर रांधावें. आमचा रोष आहे तो गॅससाठीं घर हुडकणारावर.

परंतु या वादांतील खरें दुःख अद्याप आम्ही सांगितलेलेंच नाहीं. तें भाकरीचें नाहीं आणि पेन्सचेंही नाहीं. मुलीचें बाळंतपण आलें म्हणजे डोंबिवलीची आई तीन किंवा सहा महिन्यांसाठीं परदेशीं जाते. चाळीस वर्षें तिनें एका घराचें स्वयंपाकघर चालविलेलें असतें. तिची सारी विद्या डोळ्यांत व कानांत असते: ज्योत निळी आहे कीं पिवळी, ती कढईच्या बुडास टेकली कीं पसरली, आमटीचा आवाज कसा बदलला. मंद आंच, मध्यम आंच, नुसती धग, विस्तवावर ठेवून उतरविणें, हे तिचे शब्द; 'रुचिरा'सारखीं पुस्तकें घरोघर गेलीं तींही याच शब्दांच्या बळावर. आणि तिच्या पुढ्यांत येते ती काळी गुळगुळीत कांच. तिच्यावर बटण नाहीं, ज्योत नाहीं, एक ते नऊ आंकडे आहेत. ओला हात लागला कीं ती किंकाळी फोडून बंद पडते, पातेलें उचललें कीं रुसते, आणि मुलांसाठीं ठेवलेलें कुलूप एकदां पडलें कीं उघडत नाहीं. मुलगी दवाखान्यांत, जांवई कचेरींत. आणि जिनें पंगती वाढल्या ती बाई चहाचें आधण ठेवण्यासाठीं संध्याकाळपर्यंत जांवयाची वाट पाहत बसते. हा अपमान बारीक आहे म्हणून तो कोणी बोलून दाखवीत नाहीं. ती परत येते व शेजारणीस सांगते, "तिकडे गॅस नाहीं ग, आपला स्वयंपाक होत नाहीं." आमच्या मतें या वाक्याचा उगम बहुतकरून येथें आहे.

या दुःखाबद्दल आम्हांस आदर आहे, परंतु त्याचा दोष आम्ही विजेस देत नाहीं. ज्यांनीं आईच्या हातांत तिकीट दिलें पण ती विद्या दिली नाहीं त्यांस देतों. दोन-तीन हजार रुपयांची इंडक्शनची शेगडी ठाण्या-डोंबिवलीच्या कोणत्याही दुकानांत मिळते. जाण्याच्या सहा महिने आधीं ती गॅसच्या शेजारीं मांडावी. पहिला महिना तिच्यावर नुसतें दूध व चहा करावा, दुसऱ्या महिन्यांत भात, मग फोडणी, मग पोळी. तोंवर आंकड्यांचें भाषांतर तिच्या मनांत आपोआप होतें. तीन म्हणजे मंद, सहा म्हणजे आमटीस कढ, आठ म्हणजे तेल डोळ्यांदेखत ठेवून. दूध उतूं जाऊन ज्योत विझली आणि वायु घरभर पसरला, ही भीति तेथें नाहीं. पदर पेटण्याची भीति नाहीं. या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व ज्यांस कळत नाहीं त्यांनीं १९७० ते १९९० च्या काळांतील वर्तमानपत्रें चाळावीं आणि 'स्टोव्हचा भडका उडून' या शब्दांनीं सुरू होणाऱ्या बातम्या मोजाव्या. त्यांतील कित्येक भडके आपोआप उडालेले नव्हते, हें तेव्हांही सर्वांस ठाऊक होतें.

आणि हा वाद घालतो कोण? आमच्या पाहण्यांत तरी गॅसची महती गाणाऱ्यांत अशांचाच भरणा अधिक आहे, ज्यांनीं जन्मांत कधीं पोळी लाटली नाहीं. ज्योतीवरच्या फुलक्यावर भाषण करणें सोपें. तो फुलका धुरांत उभी राहून भाजावा लागतो कोणास, याचा हिशेब त्यांच्या भाषणांत येत नाहीं. जी व्यक्ति रांधणार आहे तिला विचारावें, आणि तिनें इंडक्शनवर महिनाभर रांधून पाहिल्यावर विचारावें. परदेशांत तर नवराबायको दोघेंही कचेरींत जातात, आणि ज्या घरांत विजेची शेगडी आहे तेथें नवऱ्यास रांधण्यास लावणें अधिक सोपें जातें, असें कित्येक सुनांचें सांगणें आहे. घड्याळ लावलें कीं कुकर आपल्या आपण थांबतो, तेव्हां 'मला आंच कळत नाहीं' ही जुनी सबब चालत नाहीं.

सामान बांधतांना एवढें मात्र करावें. एक लहानसें चुंबक घेऊन मांडणीपुढें उभें राहावें. लोखंडी तव्यास तें चिकटेल, बिडाच्या कढईस चिकटेल, स्टीलच्या कांहीं पातेल्यांस चिकटेल व कांहींस चिकटणार नाहीं. अ‍ॅल्युमिनियमच्या साध्या कुकरास, आईच्या तांब्याच्या बंबाळ्यास व पितळेच्या पातेल्यांस तर नाहींच. ज्यास चिकटलें तें बॅगेंत घालावें. बाकीचीं भांडीं कल्हई करवून भावजयीच्या स्वाधीन करावीं.